आधी भोपळ्यावर

बोईसरच्या पश्चिमेला, समुद्राच्या कडेला तारापूरचं अणुविद्युत केंद्र आहे, हे आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलेलं असतं. २८ ऑक्टोबर १९६९ ला तिथल्या पहिल्या दोन भट्ट्या व्यावसायिक तत्त्वावर सुरू झाल्या, आणि २००५-०६ मध्ये ५४० मेगावॅटच्या आणखी दोन आल्या. शाळेत न सांगितलेली गोष्ट अशी, की या नव्या भट्ट्यांसाठी भाभा अणुसंशोधन केंद्राने एक खोटी कंट्रोल रूमही बनवली. खऱ्यासारखीच पॅनेलं, तीच बटणं, तेच लुकलुकणारे दिवे. फक्त तारांच्या दुसऱ्या टोकाला भट्टीऐवजी कॉम्प्युटर. शिकाऊ ऑपरेटर तिथे बसतो, इन्स्ट्रक्टर मुद्दाम एखादा पंप बंद पाडतो, अलार्म किंचाळायला लागतात आणि बिचाऱ्याला घाम फुटतो. चुकला तर चुकला, पुन्हा सुरुवातीपासून. खऱ्या पॅनेलसमोर बसायचं तर लायसन्स हवं, आणि ते असं सगळं पार केल्यावरच मिळतं.

आता त्याच बोईसरपासून उलट्या दिशेला चला. पूर्वेला, विक्रमगड-जव्हार-मोखाड्याच्या बाजूला. एक प्राथमिक आरोग्य केंद्र डोळ्यासमोर आणा. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस होऊन बाँडचं एक वर्ष काढायला आलेली चोवीस-पंचवीस वर्षांची डॉक्टर. रात्रीची वेळ. भातकापणीचे दिवस. विळ्याने पोटरी फाटलेला एक माणूस दोघांच्या खांद्यावरून येतो. जखम धुवायची, भूल द्यायची, टाके घालायचे. मागे उभे राहून "बेटा, सुई जरा सरळ घाल" म्हणणारे सर नाहीत. फोन लावायचा तर रेंज असली पाहिजे.

मला पडलेला प्रश्न साधा आहे. हिने याआधी टाके कोणावर घातले? पहिला टाका कोणाला पडला? आणि तो वाकडा पडला असेल तर कोणाच्या कातडीवर?

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात टेस्ट सर्व्हर न वापरता थेट प्रोडक्शनवर कोड टाकणाऱ्याला लोक हसतात, आणि तरीही सगळे कधी ना कधी ते करतात. पण आमचं प्रोडक्शन कोसळलं तर फार तर कोणाचं तरी तिकीट बुक होत नाही. शल्यक्रिया हा असा धंदा आहे, ज्यात शेकडो वर्षं प्रोडक्शन हाच टेस्ट सर्व्हर होता. पूर्णपणे नव्हे म्हणा. मध्येमध्ये काही शहाण्या माणसांनी वेगळं करून पाहिलं, त्यांचीच ही गोष्ट.

सुरुवात सुश्रुतापासून करणं भाग आहे. "आमच्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं" या सुरातले फॉरवर्ड वाचून मलाही तुमच्याइतकाच कंटाळा आलाय. पण इथे इलाज नाही, कारण मूळ मजकूर खरंच चकित करणारा आहे. सुश्रुतसंहिता एका माणसाने एका वर्षात लिहिलेली नाही, तिच्यात शतकानुशतकांचे थर आहेत. तिच्या सूत्रस्थानातला नववा अध्याय म्हणजे 'योग्यासूत्रीय'. योग्या म्हणजे सराव. अध्यायाचा रोख असा, की शिष्याने सगळं शास्त्र वाचलेलं असलं तरी त्याच्याकडून सराव करून घ्या. नुसता खूप ऐकलेला पण हात न चालवलेला माणूस कामाला अयोग्य. म्हणजे लेखी पेपरात पहिला आलेल्या मुलाला सरळ ऑपरेशनच्या टेबलाशी आणायचं नाही, हा नियम त्या काळी लेखी स्वरूपात होता.

आणि मग येतो खरा सिलॅबस. शस्त्रकर्माचे आठ प्रकार, आणि त्या प्रत्येकाला वेगळी वस्तू. छेद घ्यायला कोहळा, दुधी भोपळा, कलिंगड, काकडी. त्यातही वरच्या दिशेने काप आणि खालच्या दिशेने काप असे दोन्ही शिकवायचे. भेदायला, म्हणजे गळू वगैरे फोडायला, पाण्याने किंवा चिखलाने भरलेली चामड्याची पिशवी नाहीतर जनावराचं मूत्राशय. खरवडायला केस असलेलं ताणून धरलेलं कातडं. शीर टोचायला मेलेल्या जनावराच्या शिरा आणि कमळाचे देठ. जखमेत सळई घालून तिचा माग काढायला किडीने पोखरलेलं लाकूड, बांबू, वाळका भोपळा. आत रुतलेली वस्तू उपटून काढायला फणसाचा आणि बेलाचा गर, आणि मेलेल्या जनावराचे दात. स्राव काढायला सावरीच्या फळीवर फासलेलं मेण. आणि शिवायला, म्हणजे टाके घालायला, जाड आणि पातळ कापडाच्या कडा आणि मऊ चामडं. याशिवाय डाग देण्याच्या आणि क्षार लावण्याच्या सरावाला मऊ मांसाचे तुकडे, आणि बँडेज बांधायला चक्क माणसाच्या आकाराचा बाहुला.

ही यादी इंजिनिअरच्या नजरेने वाचली की मजा येते. ही कोणी उगाच "फळांवर सराव करा" म्हणून सोडून दिलेली नाही. प्रत्येक कौशल्य सुटं केलंय आणि त्यातली नेमकी अडचण कुठे आहे ते ओळखून त्या अडचणीपुरती वस्तू निवडलीय. गळू फोडताना अडचण असते ती आतल्या दाबाची आणि पापुद्र्याच्या जाडीची. भोपळ्यात ती नाही, पाण्याने भरलेल्या पिशवीत आहे. सुरी थोडी जास्त घुसली की पाणी अंगावर. शीर टोचताना अडचण म्हणजे गोल, बुळबुळीत, निसटणारी नळी. ती कमळाच्या देठात आहे. सळई घालताना डोळ्याला काही दिसत नाही, बोटालाच वळण कळावं लागतं; म्हणून पोखरलेलं लाकूड. वस्तू माणसासारखी दिसते का, याची फिकीर या अध्यायात कुठेही नाही. हाताला ती माणसासारखी लागते का, एवढंच पाहिलंय. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे टोरांटोत तो पुन्हा भेटणार आहे.

मग हे सगळं गेलं कुठे? पोथ्या नकलल्या जात राहिल्या, हे नक्की. पण हात कोणाकडे राहिला हे पाहायचं तर पुण्याला यावं लागतं.

कावसजी नावाचा एक बैलगाडीवान इंग्रजांच्या फौजेबरोबर होता. १७९२ च्या म्हैसूरच्या लढाईत तो टिपूच्या माणसांच्या हाती सापडला आणि त्यांनी त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो बिननाकाचा वावरला. नंतर पुण्याच्या परिसरात एकाने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून नवं नाक बसवलं. दोन इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया पाहिल्याची नोंद आहे, आणि ऑक्टोबर १७९४ च्या लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'मध्ये चित्रासकट तिचं वर्णन छापून आलं. ज्या चित्रावरून ते छापलं, ते चित्र होतं जेम्स वेल्सचं. हा तोच वेल्स, जो पेशवे दरबारातल्या लोकांची चित्रं काढायला पुण्यात आला होता.

शस्त्रक्रिया करणारा कोण? त्याचं नाव त्या वर्णनात नाही. विटा घडवणाऱ्या जातीतला, एवढंच. हा ना संस्कृत पंडित, ना दरबारातला वैद्य. आणि त्याची पद्धत बघा. मेणाचा पातळ पत्रा घ्यायचा, कापलेल्या नाकाच्या जागी दाबून नाकाचा आकार करायचा, मग तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि त्याच्या कडेने रेघ मारायची. तेवढीच कातडी सोडवायची. थोडक्यात, सुरी लावायच्या आधी नाक एकदा मेणात होऊन गेलेलं असायचं. चूक झाली तर मेण पुन्हा मऊ करा. सरावाचा तत्त्वज्ञानी अध्याय पोथीत राहिला आणि त्याची करामत वीट पाडणाऱ्याच्या बोटांत, असं मला यातून वाटतं. ज्याने वाचलं त्याने कातडीला हात लावला नाही, ज्याने हात लावला त्याला लिहिता आलं नसावं. सुश्रुतातच एके ठिकाणी असं म्हटलंय की शास्त्र आणि कर्म यांतलं एकच जाणणारा वैद्य म्हणजे एका पंखाचा पक्षी. आपल्याकडे जातींनी दोन पंख दोन घरी वाटून दिले.

ते मासिक लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू या सर्जनने वाचलं. त्याने प्रेतांवर ही शस्त्रक्रिया करून पाहिली, आणि २३ ऑक्टोबर १८१४ ला चेल्सीच्या इस्पितळात एका लष्करी अधिकाऱ्यावर केली. लेख छापून आल्यापासून बरोबर वीस वर्षांनी. १८१६ मध्ये त्याने त्यावर पुस्तक काढलं आणि 'भारतीय पद्धत' युरोपात पसरली. पुण्याचं नाक लंडनला पोचलं, पण पुण्यातल्या त्या माणसाचा पत्ता कोणी ठेवला नाही.

एकोणिसाव्या शतकात सरावाची वस्तू म्हणजे प्रेत. (सुश्रुतातही प्रेत पाण्यात कुजवून थराथराने बघायची कृती आहे, पण ती शरीररचना कळावी म्हणून.) १८३६ साली कलकत्त्यात मधुसूदन गुप्तांच्या हातून झालेलं विच्छेदन प्रसिद्ध आहे. मुंबईत १८४५ ला ग्रँट मेडिकल कॉलेज उघडलं आणि १८५१ साली तिथून पहिले पदवीधर बाहेर पडले, त्यांत आपले भाऊ दाजी लाड होते. पण प्रेतं आणायची कुठून? ब्रिटनमध्ये प्रेतचोरी आणि एडिंबरोच्या खुनांची प्रकरणं झाल्यावर १८३२ ला कायदा करून बेवारस प्रेतं कॉलेजांना द्यायचं ठरलं. आपल्याकडे मुंबई प्रांताचा शरीररचना कायदा १९४९ चा, त्याचाही गाभा तोच. बेवारस. आता बेवारस कोण मरतं याचा विचार करा. ज्याचं गाव लांब आहे, ज्याच्याकडे घरच्यांना कळवायला कोणी नाही, तो. गावाहून एकटा कामाला आलेला माणूस.

जिवंतपणीही वेगळं नव्हतं. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स इस्पितळात (१८८९ पासून) विल्यम हॅल्स्टेडने सर्जन घडवायची जी पद्धत बसवली, ती जगभर गेली. तिचं लोकांच्या तोंडी बसलेलं सूत्र म्हणजे 'एक बघ, एक कर, एक शिकव'. यातल्या दुसऱ्या पायरीवरचा तो 'एक' म्हणजे फुकट वॉर्डातला पेशंट. जगभरातल्या शिकवणाऱ्या इस्पितळांत करार न लिहिता ठरलेला होता: गरिबाला औषधोपचार फुकट, आणि त्याच्या बदल्यात त्याच्या अंगावर मुलं शिकणार. माझ्या ओळखीतल्या एका जुन्या डॉक्टरांना हे विचारलं तर ते शांतपणे म्हणाले, "अरे, मग शिकणार कुठे? आणि आम्ही शिकलो म्हणून पुढच्या हजारांना बरे टाके पडले." हिशेब बरोबर आहे. फक्त तो ज्याच्या खात्यावर लिहिला गेला त्याला कोणी विचारलं नव्हतं.

विचारायची गरज पडू नये अशी सोय फ्रान्समधल्या एका सुईणीने केव्हाच करून ठेवली होती. ही बाई मला या सगळ्या इतिहासात सर्वात जास्त आवडते. अँजेलिक दु कुद्रे तिचं नाव. पॅरिसमधली शिकलेली सुईण, पुढे खेड्यापाड्यांत गेली. तिथे बाळंतपणात बाया आणि मुलं अडाणी हातांमुळे दगावताना तिने पाहिली. शिकवायचं कोणाला? अक्षरओळख नसलेल्या बायकांना. पुस्तक काय कामाचं? म्हणून तिने कापड, चामडं आणि भरण घालून बाईच्या कमरेखालच्या भागाचा एक पुतळा शिवला. सोबत कापडी बाळ. बाळाला जिवणी, त्यात बोट घालता येईल अशी, कारण पायाळू बाळाचं डोकं अडलं तर ते बोट कामाला येतं. तिला सगळे नुसतं 'यंत्र' म्हणत. १७५९ ला पंधराव्या लुईने तिला देशभर फिरून शिकवायचा परवाना दिला, आणि पुढची वीसेक वर्षं ती गावोगाव हे यंत्र घेऊन फिरत राहिली. तिच्या हाताखालून हजारो जणी गेल्या. त्यांतलं एक यंत्र फ्रान्समध्ये रुआँच्या संग्रहालयात आजही आहे, आणि त्याचा एक्स-रे काढला तेव्हा आत खरं माणसाचं कटिर सापडलं.

यातली मोक्याची गोष्ट ही, की यंत्र गावात गेलं. शिकणारीला पॅरिसला बोलावलं नाही.

विसाव्या शतकात हा विचार वैद्यकात परत आला तो उसना, तोही विमानवाल्यांकडून. एडविन लिंक या ऑर्गन बनवणाऱ्या कारखानदाराच्या पोराने भात्यांवर हलणारं खोटं विमान १९२९ मध्ये बनवलं. लोकांनी ते जत्रेतलं खेळणं म्हणून पाहिलं. १९३४ मध्ये अमेरिकेच्या सैन्याकडे टपाल वाहायचं काम आलं आणि खराब हवेत वैमानिक पटापट मेले, तेव्हा सैन्याने सहा विकत घेतली. अणुभट्टीवाल्यांना त्यासाठी १९७९ चा थ्री माइल आयलंडचा अपघात लागला. म्हणजे सिम्युलेटर विकत घ्यायला आधी माणसं मरावी लागतात किंवा मरता मरता वाचावी लागतात. आणि सहसा ती अशी मरावी लागतात की सगळ्यांना एकदम दिसतील. इस्पितळात माणसं एकेकटी आणि वेगवेगळ्या कारणांनी दगावतात, त्यामुळे सर्जनांना वेळ लागला.

त्यांना जागं केलं दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने. ३१ मे १९९० ला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमतन उडवाडियांनी भारतातली पहिली दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया केली. तेव्हा ते पंचावन्न वर्षांचे होते. हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. दुर्बिणीत हात उलटा चालतो: बाहेर मूठ डावीकडे नेली की आत टोक उजवीकडे जातं. खोली दिसत नाही, सगळं पडद्यावर सपाट. पन्नाशीचे नामांकित सर्जन एका रात्रीत पहिलीच्या वर्गात. जगभर सुरुवातीच्या त्या वर्षांत पित्तनलिकेला इजा होण्याच्या घटना वाढल्या. आणि मग एका बंद खोक्यात भोकं पाडून, आत कॅमेरा आणि मक्याचे दाणे, रबरबँड ठेवून सराव करणं अचानक प्रतिष्ठेचं झालं. शिकाऊ पोरं शतकभर चाचपडत होती तेव्हा खोकं सुचलं नाही. बड्या सर्जनांचा हात थरथरला तेव्हा सुचलं. असो.

पुढचं झटपट सांगतो. १९९७ मध्ये टोरांटोच्या मंडळींनी टेबलावरच्या मॉडेलवर हात तपासायची पद्धत छापली, प्रत्येक टप्प्याला गुण. २००२ मध्ये येलमध्ये सोळा रेसिडेंट डॉक्टरांवर एक प्रयोग झाला. निम्म्यांना कॉम्प्युटरच्या आभासी सरावानंतर आणि निम्म्यांना नेहमीच्या रीतीने शिकवून खऱ्या पित्ताशयाकडे नेलं. सराव केलेल्यांचा वेळ २९ टक्क्यांनी कमी आला, आणि सराव न केलेल्यांकडून पित्ताशयाला इजा किंवा भलतीकडे भाजणं होण्याचं प्रमाण पाचपट होतं. सराव होतो कुठेही, पण तो खऱ्या माणसापर्यंत पोचतो का, या शंकेला मिळालेलं हे पहिलं ठोस उत्तर.

पण माझा आवडता प्रयोग दुसराच. त्याच वर्षी टोरांटोत चाळीस मेडिकल विद्यार्थ्यांना मूत्रमार्गातून दुर्बीण घालायला शिकवलं. एका गटाला नुसतं लेक्चर. एका गटाला ३,७०० डॉलरचं हुबेहूब मॉडेल. तिसऱ्या गटाला रबराची नळी, उपडा पेला आणि दोन स्ट्रॉ यांचं जुगाड, किंमत २० डॉलर. परीक्षेत लेक्चरवाले मागे पडले. महागवाले आणि स्ट्रॉवाले यांच्यात सांगण्यासारखा फरक निघाला नाही. आठवतंय ना, कमळाचा देठ?

आपल्याकडे २०१९ साली एमबीबीएसचा नवा अभ्यासक्रम आला आणि त्याबरोबर प्रत्येक मेडिकल कॉलेजात स्किल्स लॅब सक्तीची झाली: दीडशे विद्यार्थ्यांच्या कॉलेजला किमान ६०० चौरस मीटर. आत काय हवं त्याची यादी आहे. बँडेज आणि खपाच्या पट्ट्या बांधणं, इंजेक्शन, लघवीची नळी घालणं, कातडी आणि तिच्याखालचा पापुद्रा शिवणं, बाळंतपणाचा पुतळा, नवजात बाळाला श्वास देणं. ही यादी योग्यासूत्रीयाशेजारी ठेवून वाचा. बँडेजचा बाहुला तिथेही आणि इथेही.

पालघर जिल्ह्यात (१ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला, आठ तालुके) डहाणू तालुक्यातल्या सासवंदला खाजगी मेडिकल कॉलेज आहे. म्हणजे चौरस मीटरचा हा नियम आता आपल्या दारापर्यंत आलाय. पण नियम चौरस मीटर मोजतो. मुलीने किती टाके घातले, कोणी तिच्या शेजारी बसून पाहिलं, ते मोजायला माणूस लागतो, आणि माणूस महाग असतो. पुतळा कपाटात बंद आणि किल्ली साहेबांकडे, हा प्रकार आपल्या देशात कोणी नव्याने शोधायला नको. शाळेतल्या प्रयोगशाळेतला सूक्ष्मदर्शक आठवा.

हात कसा तयार होतो हे या जिल्ह्यात ज्याला बघायचंय त्याने चिंचणी-वाणगाव पट्ट्यात जावं. तिथे घरोघर दागिन्यांच्या डाय कोरायचा धंदा पिढ्यानपिढ्या चालत आलाय. लोखंडाच्या ठोकळ्यावर छिन्नीने उलटी नक्षी कोरायची, मग त्यावर पत्रा ठोकून दागिना उठवायचा. अलीकडे मशीन आली, धंदा बसला, तो भाग वेगळा. पण नव्या पोराच्या हाती पहिल्या दिवशी गिऱ्हाइकाचा ठोकळा कोणी देत नाही. भंगारातल्या तुकड्यावर रेघा मार म्हणतात. रेघ, परत रेघ, मग वळण. कोणी चौरस मीटर विचारत नाही. बाजूला बसलेला काका मान न वळवता ठोक्याच्या आवाजावरून सांगतो, छिन्नी आडवी झाली. डॉक्टरला शिकवण्यात नेमका हा काका कमी पडतो.

टाक्याचं तंत्र खरं तर एवढं गहन नाही. सुई टोकाशी नव्हे, मागच्या तिसऱ्या हिश्शाच्या सुरुवातीला पकडायची. कातडीत काटकोनात घालायची. ढकलायची नाही, मनगट फिरवायचं, सुईच्या गोलाईने तिला जाऊ द्यायचं. दोन्ही कडा सारख्या खोलीवर घ्यायच्या आणि गाठ बसल्यावर कडा किंचित बाहेर उचललेल्या दिसल्या पाहिजेत. आत मुडपल्या तर जखम नीट भरत नाही. गाठ सरळ हवी, उलटसुलट पडली तर सरकते. नायलॉन गुळगुळीत असतं, त्याला वेढे जास्त. सातपाटीचा कोळी हे दोन मिनिटांत शिकेल. पण वाचून कोणालाच येत नाही, आणि पहिले पन्नास टाके प्रत्येकाचे भिकार असतात. ते पन्नास स्पंजवर पडावेत की पोटरीवर, एवढाच वादाचा मुद्दा. स्पंज, केळ्याची साल, बकऱ्याचा पाय, जुन्या कुशनचं रेक्झिन, काहीही चालतं. सिलिकॉनचे पॅडही हल्ली ऑनलाइन मिळतात, त्यात जखमा आधीच कापून येतात, सरळ आणि सुबक.

बोईसरच्या जखमा सुबक नसतात. तारापूर एमआयडीसीत कापड, रसायनं, औषधं, पोलाद असं सगळं आहे. मोठा स्फोट झाला की पेपरात येतो. प्रेसमध्ये चेंगरलेलं बोट येत नाही. चेंगरलेली कातडी पॅडसारखी वागत नाही. तिच्या कडा चिंधडलेल्या, आत ग्रीस, कुठला भाग जगेल ते दोन दिवसांनी कळणार. अशा वेळी सर्वात मोठं कौशल्य म्हणजे टाका न घालणं, धुऊन उघडी ठेवणं आणि वर पाठवणं. सिलिकॉनचं पॅड हे शिकवत नाही, कारण त्याला टाका घाला म्हणूनच ते विकलं जातं.

आणि पॅड बोलत नाही. यावर लंडनच्या इंपीरियल कॉलेजात रॉजर नीबोन यांनी या शतकाच्या सुरुवातीला एक सोपी युक्ती काढली. टाक्यांचं पॅड त्यांनी टेबलावरून उचललं आणि एका नटाच्या दंडाला बांधलं. वर कापड घातलं, जेणेकरून जखम त्याचीच वाटावी. आता विद्यार्थ्याने पॅडला टाके घालायचे, पण बोलायचं नटाशी. नट घाबरतो, प्रश्न विचारतो, मध्येच हात ओढतो. पॅडवर सरळ रेषेत शिवणारी मुलं इथे सुई हातात घेऊन थिजतात.

ही युक्ती पालघरात करायला नट लागणार नाही. आरोग्य केंद्रातल्या शिपायाच्या दंडाला दोनशे रुपयांचं पॅड बांधा. त्याला सांगा, मराठी बोलायचं नाही, घरी बोलतोस तसं वारलीतच बोल. आणि विचारायचं ते खरं खरं विचार: दुखेल का, उद्या कामावर जाता येईल का, नाही गेलो तर मुकादमाला काय सांगू, टाके काढायला परत इथेच यायचं का, आणि परत यायला गाडी नसली तर? समोरच्या डॉक्टरने उत्तरं द्यायची, भूल चढायची वाट बघायची, आणि हात हलता ठेवायचा.